'फ' दिसला पाहिजे

चौकशीकाकांचं खरं नाव बसस्थानकावर कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. एकतीस वर्षं ते चौकशीच्या खिडकीत बसले. समोर जाड काच, काचेला खाली हात जाईल एवढं भोक, आणि बाहेर गाड्यांची घरघर, भोंगे, पोरांची रडारड. सुरुवातीला काका घसा ताणून ओरडायचे. वर्षभरात घसा बसला आणि त्यांच्या लक्षात आलं, की काचेपलीकडची माणसं ऐकत नाहीत, तोंडाकडे बघतात. तेव्हापासून ते सावकाश, एकेक अक्षर ओठांवर मांडून बोलू लागले. "फलाट सात. सव्वापाच. वेळेवर आहे." बाहेर कितीही कल्ला असो, समोरचा मान हलवून बरोबर त्या फलाटावर जायचा.

ही सवय पुढे घरात कामाला आली. लेक कॉलेजात असताना काकूंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते भलत्या वेळी शिट्ट्या मारायचं. "कानात कुकर लावून हिंडू का मी?" म्हणत काकूंनी ते कपाटात टाकलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. सहा महिन्यांत त्यांना काकांचं सगळं कळायला लागलं, बोललेलंही आणि कधीकधी गिळलेलंही. इतर कुणाचं मात्र धड लागत नसे. लेक बोलायला लागली, की म्हणायच्या, "ही बोलतेय की चघळतेय?" मग काका मध्ये बसून लेकीचं वाक्य पुन्हा म्हणायचे. मीठ आणि पीठ ही एकच अडचण उरली होती, कारण ओठांवर दोन्ही सारखीच दिसतात. त्यावर तोड म्हणून काका मीठ मागताना चिमूट दाखवायचे.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी काकांच्या हिरड्यांनी दगा दिला. दात एकामागून एक हलायला लागले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "एकेक काढत बसण्यापेक्षा सगळे काढू. हिरड्या भरल्या, की छान कवळी बसवू." काका का-कू करत होते, काकूंनी निकाल लावला. "दात हलतात तसं तुमचं बोलणंही हलायला लागलंय. काढून टाका."

हिवाळ्यात पाच खेपांत सगळे दात काढले. तोंडाचं पार बोळकं झालं. हिरड्या भरेपर्यंत दोन महिने थांबायचं, मग मापं, मग मेणात रोवलेल्या दातांची चाचणी आणि मग पक्की कवळी. दोन महिन्यांचाच तर प्रश्न होता. दोघांनी ते हसत काढले.

चाचणीच्या दिवशी काकूही बरोबर गेल्या. डॉक्टरांनी गुलाबी मेणातले दात काकांच्या तोंडात बसवून हातात आरसा दिला. काकांनी आरशात बघितलंच नाही. काकूंकडे वळून म्हणाले, "फलाट सात. वेळेवर आहे."

काकूंनी डोळे बारीक केले. "परत म्हणा."

"फलाट."

"नाही." काकू डॉक्टरांकडे वळल्या. "वरचे पुढचे दात जरा पुढे हवेत. खालच्या ओठाला टेकत नाहीत. यांचा फ दिसत नाही. व पण दिसत नाही."

डॉक्टरांना हसू आलं. "लोक मला म्हणतात, दात मोत्यासारखे हवेत. फ दिसायला हवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण त्यांनी चिठ्ठीवर तसंच लिहिलं आणि मेणाचे दात लॅबला परत पाठवले. म्हणाले, आठवडाभर लागेल.

त्याच आठवड्यात सगळं बंद झालं.

साथीमुळे आधी शाळा बंद झाल्या, मग बसगाड्या, मग दुकानं. दातांचे दवाखाने तर लगेचच, कारण तिथं माणूस तोंड उघडून बसतो आणि डॉक्टर वीतभर अंतरावरून आत डोकावतात. काकांनी दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी आता घरूनच फोन घेत होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"दुखतंय का काका?"

"नाही."

"सूज?"

"नाही."

"रक्त येतंय? थांबत नाही असं?"

"अगं, दातच नाहीत, तर रक्त कुठून येणार?"

"मग थांबावं लागेल. ज्यांचं तातडीचं आहे त्यांनाच पाठवायचं, असा आदेश आहे."

काकांना ते पटलं. गाडी नाही, थांबावं लागेल, हे त्यांनीच हजारो लोकांना सांगितलं होतं. थांबणाऱ्याचं काय होतं, ते बघायला खिडकीबाहेर जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

दातांशिवाय ओठ आत वळतात आणि हनुवटी वर येते. जिभेला टेकायला जागा उरत नाही. काका "दार लाव" म्हणाले, की काकू दिवा लावायच्या. एकदा काका म्हणाले, "लेक बरी आहे." काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "पडली? कुठे पडली?" तेव्हा दोघंही पोट धरून हसली. पण रोज उठून कोण हसणार? काका पाठकोऱ्या कागदांवर लिहायला लागले. काकूंना ते आवडेना. "चिठ्ठी काय, दूधवालाही टाकतो. तुम्ही बोला." काका बोलायचे, काकू डोळे फोडून बघायच्या, मग "काय? काय?" करता करता दोघांचाही आवाज चढायचा.

त्यात काकांना लाज वाटायची. आरशातलं ते सुरकुतलेलं तोंड त्यांना आपलं वाटेना. बोलताना हात आपोआप तोंडावर जायचा, आणि हात गेला, की काकूंच्या हाती काहीच लागायचं नाही. हळूहळू बोलणंच आटलं. एखादा दिवस असा जायचा, की चहा व्हायचा, जेवण व्हायचं, कपडे वाळून घड्या व्हायच्या आणि घरात एक शब्द झालेला नसायचा. काकू खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहायच्या. काका वर्तमानपत्र समोर धरायचे. तेच पान ते पुन्हा पुन्हा वाचायचे.

"माझ्यामुळे झालं," एका दुपारी काकू म्हणाल्या. "मी तेव्हा फ-फ केलं नसतं, तर कवळी मिळून गेली असती."

काकांनी जोरात मान हलवली. आणखी पुष्कळ काही सांगायचं होतं, पण ते सांगायला तोंड कुठे होतं? त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत जाऊन पाणी प्यायले.

तिसऱ्या महिन्यात काकूंना ताप आला. चौथ्या दिवशी दम लागला. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. काका मास्क लावून भिंतीला चिकटून उभे होते. काकूंनी आळीपाळीनं प्रत्येकाकडे बघितलं. सगळीकडे नुसते डोळे.

"कुठे नेताय? कुणीतरी सांगा ना!" त्या मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांपैकी एकानं काहीतरी सांगितलं. काकू त्याच्या मास्ककडे बघत राहिल्या. काकांनी मास्क खाली ओढला आणि पुढे झाले, तोच दुसऱ्यानं त्यांना अडवलं. "आजोबा, मास्क वर! लांब व्हा!" काका त्याच्या खांद्यावरून ओरडले, "घाबरू नको, बरी होशील!" काकूंनी त्या बोळक्याची उघडझाप बघितली. त्यांना काय कळलं कोण जाणे. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "गॅस बघा."

काकांची तपासणी झाली. त्यांनाही लागण होती, पण त्रास काही नव्हता. चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. खालच्या मजल्यावरची बाई दाराशी डबा ठेवून जायची. लेक दूरच्या शहरात अडकली होती. ती दिवसातून तीनदा फोन करायची, पण काकांचं निम्मं तिला कळत नसे. "बाबा, हळू बोला," म्हणायची आणि मग स्वतःच रडायची.

रुग्णालयातून रोज दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल यायचा. दोन-तीन मिनिटं मिळायची. वॉर्डातली सिस्टर फोन काकूंसमोर धरायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आजोबा, आजी कशालाच उत्तर देत नाहीत. त्यांना थोडा भ्रम झालाय का?"

काकांनी तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे सिस्टरला उमगलं, की आजींना ऐकू येत नाही आणि त्या तोंडाकडे बघून समजून घेतात. वॉर्डात वीस खाटा होत्या, आणि एकाही माणसाचं तोंड उघडं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पेननं आपल्या हातमोज्यावर लिहून दाखवायला लागली. 'जेवा.' 'कुशीवर वळा.' काकांनीही जाड अक्षरांत कागद लिहून फोनसमोर धरले. पण ऑक्सिजनच्या मास्कवर काकूंचा चष्मा बसेना, आणि चष्म्याशिवाय अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. तोंड मात्र मोठं दिसत होतं. "कागद काढा," त्या मास्कच्या आतून धापा टाकत म्हणाल्या. "बोला की."

काका बोलले. काकूंनी कपाळाला आठ्या घालून बघितलं, आणि मग डोळे मिटून घेतले. दमल्या असतील, असं सिस्टर म्हणाली. काकांना ठाऊक होतं, ते दमणं नव्हतं. त्या वॉर्डात काकूंना दिसण्यासारखं एकच तोंड होतं, आणि त्यातूनही काही हाती लागत नव्हतं.

नवव्या दिवशी काकांनी दवाखान्याचा नंबर फिरवला. रिसेप्शनवरच्या मुलीनं तेच तीन प्रश्न विचारले.

"रक्त येतंय," काका म्हणाले. चुकीची माहिती देणं म्हणजे काकांच्या लेखी पाप होतं.

"काका, खरं सांगताय ना?"

"येतंय. थांबत नाही."

तिनं मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या तातडीच्या दंतविभागाचा पत्ता दिला. तिथलं कुणीतरी लॅबमधून कवळी मागवून घेईल, तोंडात बसवून देईल, असा काकांचा हिशेब होता. चौदा दिवस संपल्या संपल्या, पंधराव्या दिवशी सकाळी ते चालत निघाले. गाड्या नव्हत्याच. तासभर चालून पोचले तेव्हा रांग फाटकाबाहेर आली होती. दिवसाला बाराच नंबर मिळायचे. काकांना बारावा मिळाला. त्यांनी तो कागद खिशात घातला आणि पुन्हा काढून नीट बघितला.

त्यांच्या मागे एक भाजी विकणारी बाई होती, बरोबर तिची नणंद. बाईचा उजवा गाल आणि गळा मिळून एकच मोठी गाठ झाली होती. त्या बाजूचा डोळा मिटत आला होता. तिला तोंड उघडता येत नव्हतं, लाळ टिपायला हातात फडकं होतं. "बारा झाले. उद्या या," रखवालदार म्हणाला.

"तिसरा दिवस आहे हो दादा," नणंद म्हणाली. "कालपासून पाणीसुद्धा गिळत नाहीये. आधी फोनवर गोळ्या सांगितल्या, मग म्हणाले थांबा, आता इथं नंबर नाही म्हणता."

"ताई, माझ्या हातात काय आहे?"

काका पुढे बघत उभे राहिले. आपलं काम काही कमी तातडीचं नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. चार वाजता फोन येणार होता. मागे ती बाई श्वास घेताना घशात खरखर व्हायची, ती ऐकू येत होती. काकांनी वळून बघितलं नाही. नववा नंबर आत गेला, मग दहावा. अकरावा गेला तेव्हा काकांनी खिशातला कागद काढला आणि मागे वळून नणंदेच्या हातात दिला. तिनं हात जोडले, काहीतरी पुटपुटली. काका तिथं थांबलेच नाहीत. आपण काही चांगलं केलं असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्या बाईचा, तिच्या गालाचा, स्वतःचा, सगळ्यांचा राग आला होता. रस्ताभर ते मास्कच्या आत बडबडत घरी आले.

त्या दिवशी चार वाजता काकूंनी फोनकडे बघितलंच नाही.

फोन बंद झाल्यावर काकांनी रिसेप्शनवरच्या मुलीला फोन केला. "मी खोटं बोललो," त्यांनी सांगितलं. "रक्त येत नव्हतं." आणि मग का खोटं बोललो, तेही सांगितलं. बोळक्या तोंडानं सांगायला बराच वेळ लागला. मुलगी मध्ये एकदाही 'काय?' म्हणाली नाही.

"लिहून घ्या," ती शेवटी म्हणाली. "लॅबवाल्या बाईंचा नंबर आहे. मी दिला म्हणून कुठे बोलू नका."

लॅबवाली बाई म्हणजे कवळ्या करणारी. खाली तिची कामाची खोली होती आणि वरच्या मजल्यावर ती राहायची. काकांचं नाव ऐकून तिला काही आठवेना. काका म्हणाले, "फ." तशी ती एकदम म्हणाली, "अच्छा, ते तुम्ही! अहो, ती चिठ्ठी मी नवऱ्याला वाचून दाखवली होती. पुढचे दात किंचित पुढे घ्या, फ आणि व दिसला पाहिजे. बावीस वर्षांत असं कुणी लिहिलं नव्हतं. तुमची कवळी केव्हाची तयार आहे. पाण्यात ठेवलीय."

"मला द्या."

"मला देता येत नाही हो. डॉक्टरांनीच बसवायची असते. माझं काम तोंडाबाहेरचं." आणि मग तिनं विचारलं, "एवढी घाई कशाची?"

काकांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या दारापुढे उभे होते. पायरीवर प्लास्टिकचा डबा, शेजारी पाण्याची बाटली आणि छोटा आरसा ठेवलेला होता. बाई वरच्या खिडकीतून वाकून बघत होती.

"रस्त्यावर कुणी नाही, मास्क काढा. आधी खालची. ओली करून बसवा. हं. आता वरची, अंगठ्यानं मागे दाबा. टचकन चिकटली पाहिजे."

वरची चिकटली. खालची डावीकडे अशी टोचली, की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टोचणारच. इतक्या दिवसांत हिरडी बसली तुमची. कुठे टोचते? पायरीवर पेन्सिल आहे, खूण करा आणि बाजूला व्हा."

काका बाजूला झाले. बाई खाली आली, डबा उचलून आत गेली. यंत्राचा घूंऽऽ आवाज आला. दहा मिनिटांनी डबा पुन्हा पायरीवर आणि बाई पुन्हा खिडकीत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती म्हणाली, "आता याहून मला जमणार नाही. थोडं सोसावं लागेल. बोला बघू काहीतरी."

काका सवयीनं म्हणाले, "फलाट सात. वेळेवर आहे."

स्वतःचा आवाज ऐकून ते दचकलेच. वरच्या खिडकीतून बाई त्यांच्या ओठांकडे निरखून बघत होती. "दिसला," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ दिसला."

घरी येऊन काकांनी दाढी केली. मग आरशासमोर बसून पाठ करायला घेतलं. काय बोलायचं ते त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आपण दोन महिने वर्तमानपत्राआड लपलो, ते चुकलं. लाज वाटली, तिच्यावर राग नव्हता. घर तिच्यावाचून खायला उठतं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, त्यातलं हे एकही वाक्य त्यांनी कधी उच्चारलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. डाव्या हिरडीतून आता खरोखरच रक्त यायला लागलं होतं. ते चूळ भरून पुन्हा बसले.

चार वाजता फोन आला. काकूंचा मास्क आणखी मोठा झाला होता, मागचं यंत्र फुसफुसत होतं. सिस्टरनं फोन जवळ नेला. काकूंनी डोळे उघडले आणि बघतच राहिल्या.

"दात!" त्या म्हणाल्या. आवाज कापसातून आल्यासारखा होता.

"आले," काका म्हणाले. "आजच आले."

"फ म्हणा."

"फलाट. फणस. फजिती."

मास्कच्या आत काकूंचे गाल हलले. हसल्या त्या. मग भराभर विचारायला लागल्या, मध्ये मध्ये श्वासाला थांबत. गॅसचं बघता का? लेक कशी आहे? मला इथं कुठे ठेवलंय? हे कोणतं गाव? पंधरा दिवस कुणालाच विचारता आलं नव्हतं, ते सगळं तुंबलेलं होतं. काकांनी एकेकाचं उत्तर दिलं. गॅस रोज बघतो. लेक बरी आहे, बरी. आपल्याच गावात आहेस, साथीच्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर. घरापासून तासभर चालत. दिवस? बुधवार. सिस्टर चांगली आहे, तुला ती ओरडत नाही, तिचं तोंड झाकलंय म्हणून तसं वाटतं. काकूंची नजर त्यांच्या ओठांवरून हलत नव्हती. प्रत्येक उत्तराला त्या मान हलवत होत्या.

"आजोबा, वेळ झाली," सिस्टर म्हणाली.

काकांना आठवलं, की पाठ केलेलं सगळं राहूनच गेलं. "अगं, ऐक," ते म्हणाले. पण काकू अजून विचारतच होत्या.

"उद्या परत बोलाल ना?"

"बोलीन. चार वाजता."

"बरं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोन दुपारी बारालाच आला. काकूंना पहाटे झोपेचं औषध देऊन श्वासाच्या यंत्रावर घेतलं होतं. सिस्टरनं विचारलं, तरी बोलायचं आहे का? काका हो म्हणाले. तिनं फोन धरला. काकूंचे डोळे चिकटपट्टीनं मिटवलेले होते. काकांनी पाठ केलेलं सगळं अथपासून इतिपर्यंत म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर ओठांवर मांडून. ऐकणारी फक्त सिस्टर होती. फोनमधलं चित्र हलत होतं.

तीन दिवसांनी काकू गेल्या.

अंत्यसंस्कार रुग्णालयाच्या माणसांनीच केले. काकांना लांब कठड्याशी उभं राहू दिलं. महिन्याभरानं सामानाची पिशवी न्यायला बोलावलं, तेव्हा जिन्यापाशी एक ठेंगणी मुलगी पुढे आली. आवाजावरून काकांनी तिला ओळखलं.

"आजोबा, तुम्हाला एक सांगायचं होतं," सिस्टर म्हणाली. "त्या बुधवारी तुमचा फोन झाल्यावर आजी माझ्याशी खूप बोलल्या. आधी माझ्याकडे बघायच्याही नाहीत. मला म्हणाल्या, तू ओरडत नाहीस म्हणे." मग ती म्हणाली, "आणि म्हणाल्या, यांना सांग, दात काढून ठेवत जा झोपताना, नाहीतर हिरड्या सोलतील. पहाटे एवढी धावपळ झाली, सांगायचं राहून गेलं."

काकांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण तेव्हा कुणी कुणाला हात लावत नव्हतं. पिशवी घेऊन ते पायऱ्या उतरले.

उन्हाळा सरला तसे दवाखाने एकेक करून उघडले. डॉक्टरांनी काकांना बोलावून कवळी नीट घासून बसवली. ही आधी कुणी दिली, असं त्यांनी विचारलं नाही. भाजीवाल्या बाईचं पुढे काय झालं, ते काकांना कधीच कळलं नाही. त्यांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन दोनदा चौकशी केली, पण नाव माहीत नव्हतं, आणि नावाशिवाय कुणी काही सांगेना.

एका सकाळी लेकीचा फोन आला. तिकडच्या गाड्या सुरू होणार होत्या, तिला तिकीट मिळालं होतं. कधी निघणार, कुठे बदलायचं, कुठल्या गाडीत गर्दी कमी, काका तिला सांगत होते.

"अय्या बाबा," लेक मध्येच म्हणाली, "तुमचं आता एकेक अक्षर कळतंय हो! किती स्वच्छ बोलता!"

काकांनी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पलीकडून लेक विचारत राहिली, "बाबा? ऐकू येतंय ना? बाबा?"